परगांवीं जीव रमत नाहीं तेव्हां

शास्त्रपाठ : फिलिप्पैकरांस पत्र २:२५–३०



मागल्या पावसाळ्यांत आमच्या मंडळींतील एक तरुण अचानक घरीं परत आला. लांब पल्ल्याच्या ट्रकवर त्याला ड्रायव्हरचें काम मिळालें होतें. तो निघाला त्या रविवारीं मंडळीनें त्याच्यासाठीं प्रार्थना केली, आईनें भाकरी-चटणीचें गांठोडें बांधून दिलें, आणि आम्ही सर्वांनीं त्याला आनंदानें निरोप दिला. चार महिने तो एकटाच रस्त्यावर होता. आज एका राज्यांत, तर उद्यां दुसऱ्या. जेवण ढाब्यावर, झोंप गाडीच्या केबिनमध्यें, आणि बोलावयास आपल्या भाषेचें माणूस नाहीं. पांचव्या महिन्यांत त्यानें काम सोडिलें. तो गांवांत शिरला तो रात्रीं, आणि तोहि मागच्या गल्लीनें, कोणी पाहूं नये म्हणून.

पुढल्या रविवारीं तो उपासनेस आला व शेवटच्या रांगेंत बसला. उपासना सुटल्यावर अंगणांत कोणीसें म्हणालें, "देवावर खरा भरंवसा असता तर असा पळून आला नसता." दुसरा एक जण हंसला. तें बोलणें त्या तरुणानें ऐकिलें, आणि मींहि ऐकिलें. मी कांहीं बोललों नाहीं. बायबल हातांत घेऊन तसाच घरीं गेलों. बंधूंनो, त्या दिवशींच्या मौनाबद्दल माझें मन मला सारखा दोष देत आहे. म्हणून जें तेव्हां बोलावयास पाहिजे होतें, तें आज लिहीत आहें.

आपल्या गांवांतून आज किती जण असे बाहेर आहेत! कोणी सैन्यांत, कोणी बोटीवर, कोणी आखाती देशांत. आपल्या कित्येक मुली दूरच्या शहरांत परिचारिका आहेत. आणि आपले उपदेशक बंधु आठवडेच्या आठवडे वाड्यावस्त्यांवर एकटे हिंडत असतात. या सर्वांस केव्हां ना केव्हां एक दुखणें होतें, आणि तें कोणी बोलून दाखवीत नाहीं. ताप आला तर माणूस सांगतो; पाय मोडला तर सांगतो; पण "मला येथें करमत नाहीं, घराच्या आठवणीनें घांस गिळवत नाहीं," हें सांगावयास त्याला लाज वाटते. सासरीं गेलेली मुलगी माहेरासाठीं रडली तर आपण तिला भित्री म्हणत नाहीं. तिच्या डोळ्यांतील पाणी पाहून उलट आपणांस बरें वाटतें, कारण माहेरीं तिच्यावर किती प्रेम होतें, हें त्यांत दिसतें. मग मुलगा आईबापांसाठीं, किंवा बाप लेंकरांसाठीं रडला, तर तेथें आपण विश्वासाची तपासणी कां करूं लागतों?

आतां आपल्या पाठाकडे वळूं. पौल प्रेषित बंदींत होता. परंपरा सांगते कीं, तें ठिकाण रोम शहर होतें. मासेदोनियांतील फिलिप्पै येथील मंडळीनें त्याच्यासाठीं देणगी पाठविण्याचें ठरविलें. तेव्हां आजच्यासारखी मनिऑर्डर नव्हती. पैसा व वस्तु कोणीतरी स्वतः घेऊन जावें लागे. हें काम एपफ्रदीत नांवाच्या भावावर सोंपविण्यांत आलें. फिलिप्पैपासून रोम हजार किलोमीटरांहून अधिक दूर. वाट अर्धी जमिनीवरची, मध्यें समुद्र, मग पुनः जमीन. सारा प्रवास कित्येक आठवड्यांचा. एपफ्रदीतानें नुसती देणगी पोहोंचवावयाची नव्हती, तर पौलाजवळ राहून त्याची सेवाहि करावयाची होती. परंतु तो आजारी पडला, आणि आजार इतका वाढला कीं, तो मरणाच्या दारीं जाऊन आला. ही बातमी फिलिप्पै येथें पोहोंचली. आणि आपल्या माणसांस ही बातमी कळली आहे, हें एपफ्रदीतास समजलें, तेव्हां त्याचा जीव आणखीच कासावीस झाला. देवाच्या दयेनें शरीर बरें झालें. पण घरची ओढ बरी होईना.

पौलानें काय केलें? त्यानें एपफ्रदीतास रागें भरलें नाहीं. "सेवा अर्धी टाकून कोठें चाललास?" असें विचारलें नाहीं. त्यानें त्याला घरीं पाठविलें, आणि बरोबर हें पत्र दिलें. त्या पत्रांत त्यानें एपफ्रदीतास एकामागून एक पांच नांवें दिलीं आहेत : माझा भाऊ, माझा सोबती कामकरी, माझा सोबती शिपाई, तुमचा पाठविलेला दूत, आणि माझी गरज भागविणारा सेवक. आणि मंडळीस त्यानें आज्ञा केली कीं, याला प्रभूमध्यें पूर्ण आनंदानें जवळ घ्या, व अशा मनुष्यांचा मान राखा. मला वाटतें, फिलिप्पै येथेंहि एखादें अंगण होतें, आणि त्या अंगणांत कोणी काय बोलेल हें पौलास ठाऊक होतें. बोलणाऱ्यांचीं तोंडें उघडण्यापूर्वींच त्यानें आपलें पत्र तेथें पोहोंचविलें. मला मात्र चार पावलांवर असून एक शब्द पोहोंचवितां आला नाहीं!

या पाठांतून मी तुमच्यापुढें तीन गोष्टी ठेवितों.

पहिली गोष्ट. घरची ओढ ही अविश्वासाची खूण नव्हे. एपफ्रदीताची कासाविशी सांगतांना पौलानें एक विशेष ग्रीक शब्द वापरला आहे. तो शब्द साऱ्या नव्या करारांत तीनच ठिकाणीं आढळतो. एक ठिकाण म्हणजे हा पाठ. राहिलेलीं दोन म्हणजे मत्तय २६:३७ आणि मार्क १४:३३. आणि तीं दोन्ही गेथशेमाने बागेंतील आपल्या प्रभूविषयीं आहेत. बंधूंनो, येथें क्षणभर थांबा. परमुलखांत घरासाठीं तळमळणाऱ्या एका साध्या माणसाच्या मनाची स्थिति आणि त्या रात्रीं देवाच्या पुत्राच्या मनाची स्थिति यांस शास्त्रानें एकच शब्द लाविला आहे. दोघांचें दुःख सारखें होतें, असें मी म्हणत नाहीं. प्रभूचा प्याला त्याचा एकट्याचा होता. परंतु जो शब्द प्रभूस लागला, तो पाप कसा असेल? प्रभूनेंहि त्या रात्रीं आपली व्याकुळता लपविली नाहीं. त्यानें तिघां शिष्यांस ती सांगितली, आणि जवळ जागे राहा म्हणून त्यांना विनविलें. ज्याला डोकें टेकावयास जागा नव्हती, तो तुमच्या केबिनमधली, तुमच्या वसतिगृहांतली, तुमच्या बोटीवरली रात्र ओळखतो.

हें दुखणें खरें आहे, हें वैद्यांसहि फार पूर्वीं कळलें होतें. इ. स. १६८८ मध्यें स्वित्झर्लंडांतील बासल येथें योहानेस होफर नांवाच्या तरुण वैद्यानें यावर प्रबंध लिहिला. त्या डोंगराळ देशाचे लोक घर सोडून परदेशीं जात, आणि तेथें त्यांची झोंप उडे, अन्न नकोसें होई, शरीर खंगत जाई. होफरनें घरीं परतणें व वेदना या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून या रोगास 'नोस्टाल्जिया' हें नांव दिलें. आणि औषधें चालेनात, तेव्हां रोग्यास घरीं न्यावें, असा उपाय सांगितला. त्या वैद्याच्या कितीतरी शतकें आधीं पौलानें आपल्या सोबत्यास तेंच औषध दिलें होतें.

दुसरी गोष्ट. ही ओढ लपवूं नये. ती देवाजवळ व माणसांजवळ बोलून दाखवावी. येथें मला स्वतःचीच गोष्ट सांगितली पाहिजे. सेमिनरीचें शिक्षण संपल्यावर, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, मला दूरच्या डोंगरी मुलखांत फिरतीच्या कामासाठीं पाठविण्यांत आलें. भाषा वेगळी, खाणें वेगळें. खांद्यावर पिशवी टाकून मी एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर चालत जाई, आणि रात्रीं शाळेच्या ओट्यावर निजे. दिवसा मी लोकांस देवाच्या सान्निध्याविषयीं सांगे. आणि रात्रीं आमच्या गोठ्याचा वास आठवून मला झोंप येत नसे. पण घरीं पत्र लिहितांना मी प्रत्येक वेळीं हेंच लिहीं : "मी सुखांत आहें. येथें माझें मन चांगलें रमलें आहे." उपदेशकानें रडगाणें गाऊं नये, असें मला वाटे. घरूनहि उत्तर येई, "आम्ही सर्व सुखरूप आहों."

दहा महिन्यांनीं नाताळासाठीं मी घरीं गेलों, तों आई अंथरुणाला खिळलेली. चार महिन्यांपासून ती आजारी होती. "तुझ्या कामांत व्यत्यय नको म्हणून कळवलं नाहीं," असें वडील म्हणाले. रात्रीं मी तिच्याजवळ बसलों. तिनें माझा हात धरून विचारलें, "तिकडं तुला खरंच करमत होतं का रे?" मी म्हणालों, "हो आई." ती कांहीं बोलली नाहीं, भिंतीकडे तोंड करून निजली. वसंत ऋतु येण्यापूर्वींच प्रभूनें तिला नेलें. पुढें वडिलांनीं सांगितलें कीं, माझीं पत्रें वाचून ती म्हणत असे, "पोराला घर आठवत नाहीं, बरं झालं." आणि असें म्हणून ती पदरानें डोळे पुशीत असे. मीं तिची काळजी वांचविली नव्हती. माझ्या प्रेमाचा पुरावाच तिच्यापासून लपविला होता. आणि त्यांनींहि माझ्यापासून तिचे शेवटचे महिने लपविले. दोहों बाजूंनीं प्रेम होतें, आणि दोहों बाजूंनीं खोटें होतें.

आतां हेंच एपफ्रदीताच्या गोष्टीशीं ताडून पाहा. त्याचा आजार घरच्यांस ठाऊक; त्यांस ठाऊक असल्याचें त्याला ठाऊक; आणि त्याची तळमळ पौलास ठाऊक. कोणी कोणापासून कांहीं झांकलें नाहीं, म्हणूनच पौलाला औषध करतां आलें. पौल स्वतःहि असाच मोकळा होता. तीमथ्यास पाठविलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायांत तो म्हातारा बंदिवान काय मागतो पाहा : त्रोवस येथें कार्पाच्या घरीं राहिलेला झगा आण, पुस्तकें आण, आणि हिंवाळा लागण्याआधीं तूं स्वतः ये. एवढा मोठा प्रेषित, पण मला थंडी वाजते, मला माणूस हवें, असें लिहावयास त्याला संकोच वाटला नाहीं. तेव्हां दूर असणाऱ्या माझ्या भावा, माझ्या बहिणी, फोनवर घरीं खरें बोल. ऐकणाऱ्याचा धीर सुटेल असें एकदम नको. पण "आज फार आठवण आली," एवढें तरी सांग. आणि प्रार्थनेंत देवापुढें नटूं नको. तुझें रडणें त्याला नवें नाहीं.

तिसरी गोष्ट. ओढ मनांत असतांहि, जेथें आहों तेथें जगावें. प्रत्येकाला एपफ्रदीतासारखें लगेच परत येतां येत नाहीं. कोणाच्या डोक्यावर कर्ज असतें. कोणाच्या मजुरीवर घरची चूल पेटत असते. कोणाचा करार दोन वर्षांचा असतो. अशांसाठीं यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायांत एक पत्र आहे. यरुशलेमांतून बाबेलांत नेलेल्या लोकांस तें पाठविलेलें आहे. त्या काळीं हनन्या नांवाचा संदेष्टा सांगत होता कीं, दोन वर्षांतच सर्व परत येतील. तें गोड होतें, पण खरें नव्हतें. यिर्मयानें कडू पण खरें लिहिलें : सत्तर वर्षें लागतील, तेव्हां तेथें घरें बांधा, बागा लावा, त्यांचें फळ खा, आणि ज्या नगरांत तुम्हांस नेलें त्याच्या कल्याणासाठीं प्रार्थना करा. जो परमुलखांत पेटीहि न उघडतां नुसते दिवस मोजीत बसतो, त्याचा प्रत्येक दिवस दुप्पट लांबतो. म्हणून तेथील भाषेचे चार शब्द शीक. जेथें चहा घेतोस त्या माणसाचें नांव विचार. रविवारीं जेथें मंडळी असेल तेथें जा. भाषा समजली नाहीं तरी चालेल, प्रभूच्या मेजावरची भाकर सर्व भाषांत एकच आहे. एकटा जेवूं नको, शक्य असेल तर कोणाबरोबर तरी बैस. आणि दारूच्या बाटलीशीं मैत्री करूं नको. ती एका रात्रीपुरतें घर विसरविते, आणि मग खरोखरचें घरच घेऊन जाते. असे दोन संसार मीं डोळ्यांदेखत बुडालेले पाहिले आहेत.

याचा अर्थ घर विसरावें असा नव्हे. दानीएलाकडे पाहा. तरुणपणीं तो बाबेलांत नेला गेला. तेथें राजांची चाकरी प्रामाणिकपणें करतां करतां म्हातारा झाला. तरी त्याच्या माडीच्या खिडक्या यरुशलेमाच्या दिशेनें उघड्या असत, आणि दिवसांतून तीन वेळां तो तेथें गुडघे टेकून प्रार्थना करी (दानीएल ६:१०). हात बाबेलच्या कामांत, आणि खिडकी घराकडे! परगांवीं राहाणाऱ्यानें अशी एक खिडकी ठेवावी. घरीं सांजवात लागते ती वेळ ठरवून घ्यावी. त्या वेळीं घरच्यांनीं तेथें व तूं येथें, एकाच देवापुढें, दोन मिनिटें कां होईना, प्रार्थना करावी. ट्रक चालवीत असलास तर गाडी बाजूला घेऊन कर. पाळीवर असलीस तर मनांतल्या मनांत कर. अंतर तेवढेंच राहील, पण एकटेपणा तेवढाच राहाणार नाहीं.

आतां एक कठीण गोष्ट बोलणें भाग आहे. कित्येकांस या पृथ्वीवर घरीं परतणें घडतच नाहीं. आपल्या मराठी मुलखांत शुभवर्तमान आणणाऱ्यांपैकीं गॉर्डन हॉल हे अमेरिकेहून १८१३ मध्यें मुंबईस आले. १८२५ मध्यें त्यांची पत्नी व मुलें परत अमेरिकेस निघालीं. हे मात्र कामासाठीं येथेंच राहिले. पुढल्याच वर्षीं, १८२६ मध्यें, नाशिककडील फिरतींत त्यांस पटकी झाली, आणि घरच्यांपासून समुद्रांपलीकडे त्यांचा अंत झाला. एपफ्रदीतावर देवानें दया केली, आणि हॉलवर केली नाहीं, असें आपण म्हणावें काय? इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय सांगतो कीं, विश्वासानें जगलेले कित्येक जण परके व प्रवासी म्हणूनच मेले, आणि त्यांना ज्या देशाची उत्कंठा होती तो वरचा होता. आपली घरची ओढ शेवटीं त्या घराकडे बोट दाखविते. पण माझ्या आईच्या अंथरुणाजवळ मी शिकलों आहें कीं, वरचें घर आहे म्हणून खालच्या घराशीं खोटें वागण्याची मोकळीक कोणाला मिळत नाहीं.

शेवटीं, घरीं असणाऱ्या मंडळीस चार शब्द. दूर गेलेल्या प्रत्येकाचें नांव वहींत लिहून ठेवा, आणि रविवारच्या प्रार्थनेंत पाळीपाळीनें तें उच्चारा. त्यांना फोन करतांना पैशांविषयीं विचारण्यापूर्वीं, जेवलास कां, झोंप लागते कां, हें विचारा. घरांतील आजार व अडचण त्यांच्यापासून लपवूं नका. आणि कोणी काम सोडून परत आला, तर तो कां आला याचा न्याय अंगणांत करूं नका. त्याला पहिल्या रांगेंत बसवा. फिलिप्पैकरांस जी आज्ञा झाली तीच आपणांसहि आहे.

हें लिहावयास घेण्यापूर्वीं मी त्या तरुणाच्या घरीं गेलों, आणि त्या रविवारच्या माझ्या मौनाबद्दल त्याची क्षमा मागितली. तो बराच वेळ खालीं पाहत होता. मग म्हणाला, "पास्टरसाहेब, आईच्या हातची भाकर आठवली कीं स्टिअरिंगवर हात थरथरायचे. अपघात होईल म्हणून मी आलों." त्याच्या त्या भीतीनें रस्त्यावर किती प्राण वांचले असतील, कोण जाणे! आणि आम्ही त्याला भित्रा म्हणत होतों. सध्यां तो वडिलांबरोबर शेतांत काम करीत आहे. तो पुन्हां गाडीवर जाईल कीं नाहीं, हें त्यानें अजून ठरविलें नाहीं, व मींहि त्याला घाई केली नाहीं. येत्या रविवारीं शास्त्रपाठ वाचण्यास मीं त्याला सांगितलें आहे, आणि तो पाठ फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय आहे.

आपण प्रार्थना करूं :

हे देवबापा, आज रात्रीं जे आमचे लोक घरापासून दूर आहेत, रस्त्यावर, समुद्रावर, सीमेवर, दवाखान्यांत, डोंगरांतील वस्त्यांवर, त्यांच्याजवळ तूं बैस. ज्यांस झोंप येत नाहीं, त्यांस तुझी सोबत कळूं दे. त्यांस खरें बोलण्याचें धैर्य दे, आणि आम्हांस तें ऐकण्याचें प्रेम दे. जे परत येतील, त्यांस आमच्या दारीं लाज न भेटो. आणि ज्यांस परत येतां येणार नाहीं, त्यांचें घर तूंच हो. ज्यानें गेथशेमानेंत आपलें दुःख झांकलें नाहीं, त्या प्रभु येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.